जहाजातून उतरल्यावर मुंबईत काय पाहावे?

आम्हां भोपाळकरांस तलाव परिचयाचे, समुद्र नव्हे. म्हणून जलपर्यटनास निघालेल्या व्यापारी बंधूंनी मुंबईस उतरताच प्रथम वेळेचा हिशेब मांडावा. बॅलार्ड पिअरच्या धक्क्यापासून १९२४ साली खुले झालेले गेटवे ऑफ इंडिया फार दूर नाही. तेथून लाँचने सुमारे तासाभरात घारापुरी बेट येते. मात्र सोमवारी लेणी बंद असतात. या फेरीस अर्धा दिवस सहज लागतो.

तेवढी सवड नसल्यास पायधुणी गाठावी. मुंबई सात बेटांची होती तेव्हा येथे खाडीच्या पाण्याने पाय धुतले जात, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. येथील श्रीगोडीजी पार्श्वनाथांचे मंदिर १८१२ सालचे आहे. दर्शन घेऊन मस्जिद बंदरानजीकचा दाणाबंदर परिसर पाहावा. धान्याचा घाऊक बाजार गेल्या शतकाच्या अखेरीस नवी मुंबईस गेला. नाव तेवढे उरले. धान्य मालमोटारीनेच येते असे मानणाऱ्या आपल्या मुलांस हे ठिकाण अवश्य दाखवावे.

चौविहार पाळणाऱ्यांनी सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपूनच जहाजावर परतावे.