गाडी आपली, स्टिअरिंगही आपलेच हवे!

१९०१ साली मसूर स्टेशनवर उतरलेल्या लहानग्या भीमरावाची व त्याच्या सोबतच्या मुलांची जात कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार झाला नाही. अखेर दुप्पट भाडे मोजावे लागले, बैल मुलांनीच हाकले आणि गाडीवान विटाळाच्या भीतीने शेजारून पायी चालला. १९२९ साली चाळीसगावला तोच भीमराव बॅरिस्टर होऊन आला. तेव्हा टांगा भाड्याने मिळाला, पण हाकायला टांगेवाला मिळाला नाही. वस्तीतल्या एका बांधवाने लगाम हाती घेतला. त्याला सवय नव्हती. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.

या दोन प्रसंगांचा धडा एकच आहे. गाडी आपली हवी आणि ती हाकण्याचे ज्ञानही आपलेच हवे.

आज मांडव्याच्या धक्क्यावर उभे राहून हा धडा आठवावा. १५ मार्च २०२० रोजी भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट सुरू झाली आणि मुंबईच्या गाड्यांचा पेण-वडखळचा वळसा वाचला. मांडवा, सासवणे, किहीमला बंगले उठत आहेत. त्यांच्या विटा, सिमेंट, फर्निचर आणि मासळीचा बर्फ डिझेल पिकअपच वाहते. ती पिकअप हाकणारे आपले किती तरुण तिचे मालक आहेत?

मालक होण्याची वाट बंद नाही. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे, त्याची बीज भांडवल योजना आहे. मात्र कर्ज आपल्या नावाने आणि गाडी शेठच्या दारात, असा नामधारी मालक कोणीही होऊ नये. हप्ता थकला की नोटीस नावावर येते, शेठवर नाही!

मालकाला कायदाही माहीत हवा. हलक्या वाहनाच्या परवान्यावर साडेसात टनांपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. वेगळा शेरा नाही म्हणून विमा नाकारणाऱ्याला हा निकाल दाखवावा. २०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा मालाचा दंड २० हजार रुपये, शिवाय वरच्या प्रत्येक टनाला २ हजार. गिऱ्हाईक म्हणेल, 'अजून दहा गोणी टाक.' दंड तो भरणार आहे काय?

टोचनाचेही तसेच आहे. ट्रेलरला स्वतःची नोंदणी लागते. बंद गाडी ओढताना दोन गाड्यांतले अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नको आणि मागच्या गाडीत परवानाधारक माणूस बसलेला हवा. इंजिन बंद असले की तिचे ब्रेक व स्टिअरिंग जड होते, हे त्याला आधी सांगावे. दोर ताणून घ्यावा, पहिल्या गिअरमध्ये हळू निघावे. डिझेलची ताकद कमी फेऱ्यांतच असते. हिसका दिला तर दोर तुटतो, क्लच जळतो. उतारावर मागचे वजन आपल्यालाच ढकलते, म्हणून गिअर खालचाच ठेवावा.

दुसऱ्याचे ओझे जरूर ओढा, पण भाडे ठरवून, वजन मोजून आणि कागद आपल्या नावाचे करून. मसूरच्या त्या मुलांना गाडी नाकारली गेली. त्यांच्या वारसांनी गाडीसमोर केवळ पगारासाठी उभे राहावे काय? आरसी बुकावर नाव आपले, हिशेबाची वही आपली आणि स्टिअरिंगवर हातही आपलेच हवेत.

जय भीम!