जन्मतः नाकात व्यंग? दोष आईचा नाही!

‘ग्रहणात काहीतरी चिरले असेल!’ बाळ नाकात व्यंग घेऊन जन्मले की पहिला बोल बहुधा आईलाच लागतो. ग्रहणाचा याच्याशी काहीही संबंध नाही. गर्भाचा चेहरा साधारण चौथ्या ते दहाव्या आठवड्यात घडतो. दोन्ही बाजूंचे उंचवटे मध्यभागी येऊन जुळतात आणि नाक तयार होते. ही जुळणी अपुरी राहिली, की नाकाच्या कूर्चेत म्हणजे मऊ हाडात दोष राहतो. तेव्हा कित्येकींना दिवस गेल्याचीही नुकतीच चाहूल लागलेली असते.

दुभंगलेल्या ओठासोबत एक नाकपुडी चपटी होणे हा नेहमी आढळणारा प्रकार. शेंडा मधोमध दुभंगणे किंवा जादा नाकपुडी असणे विरळ. नाकच नसणे तर अत्यंत विरळ.

हे लक्षात ठेवा

नवजात बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेते. दूध पिताना ते निळे पडत असेल, तर ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. नाकाच्या मुळाशी गाठ असल्यास ती दाबू वा फोडू नये; तिचा मेंदूच्या आवरणाशी संबंध असू शकतो.

बरगडीतून नाक

नवे नाक उभारताना कूर्चा रुग्णाच्याच शरीरातून घेतात: नाकाच्या पडद्यातून, कानातून किंवा बरगडीतून. कूर्चेत स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. ती भोवतालच्या पेशींकडून पोषण घेते. म्हणूनच ती नव्या जागी टिकते. बरगडीची कूर्चा मात्र पुढे वाकू शकते, त्यामुळे ती कोरण्यात शल्यविशारदाची कसोटी लागते.

त्वचा अपुरी असेल तर ती कपाळावरून घेतात. ही आपल्याकडचीच जुनी विद्या! पुण्याजवळ एका कारागिराने कापलेले नाक असे नव्याने घडवल्याची हकिगत १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने छापली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जनने १८१४ मध्ये तशी शस्त्रक्रिया केली.

घाई का नको?

ओठ शिवताना, साधारण तिसऱ्या महिन्यात, नाकपुडीचा आकार काही प्रमाणात सुधारता येतो. श्वासाला अडथळा असेल तर तोही लवकर दूर करतात. पण अखेरची शस्त्रक्रिया नाकाची वाढ पुरी झाल्यावर, म्हणजे मुलींत साधारण पंधरा-सोळा आणि मुलांत सतरा-अठरा वर्षांनंतर करणे हिताचे. ‘स्थळे येऊ लागली की बघू’ हा हिशेब चुकीचा. वेळ ठरवायची ती डॉक्टरांनी आणि त्या मुलाला वा मुलीला विचारूनच. मधल्या वर्षांत शाळा, समारंभ, फोटो यांपासून त्यांना दूर ठेवू नये. नाक डॉक्टर घडवतील, पण मन घरातच घडते.