ट्रॉली ढकलता ढकलता ईसीजी

सुपरमार्केटमधली ‘स्मार्ट’ ट्रॉली म्हटले की आपोआप बिल करणारी गाडी डोळ्यांपुढे येते. आत टाकलेली वस्तू कॅमेरा ओळखतो, तळाचा काटा वजन घेतो आणि दांडीजवळच्या पडद्यावर बेरीज दिसते. इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात मात्र ट्रॉलीला वेगळेच काम दिले गेले: हृदयाचे ठोके तपासण्याचे.

तिथल्या जॉन मूर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ट्रॉलीच्या दांडीत ईसीजीचे सेन्सर बसवले. चार सुपरमार्केटमध्ये अशा दहा ट्रॉली दोन महिने ठेवल्या. ग्राहकाने दांडी ६० सेकंद धरायची. ठोके नियमित असतील तर हिरवा दिवा, शंका आली तर लाल फुली. मग दुकानातलाच फार्मासिस्ट नाडी पाहून दुसऱ्या यंत्रावर ईसीजी काढे आणि हृदयरोगतज्ज्ञ तो तपासत. २०२३ मध्ये निष्कर्ष मांडले गेले. २,१५५ जणांनी ट्रॉली वापरली, २२० जणांबाबत शंका आली आणि ५९ जणांना ‘एट्रियल फिब्रिलेशन’ असल्याचे ठरले. त्यांतील ३९ जणांना याची कल्पनाच नव्हती.

या विकारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. तिथे रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की लकवा. लकव्याचा धोका साधारण पाचपट वाढतो. काहींना धडधड किंवा दम जाणवतो, अनेकांना काहीच जाणवत नाही. आमच्या वॉर्डात लकव्याचा रुग्ण येतो, ईसीजी काढतो आणि हा विकार तेव्हा पहिल्यांदा कळतो. आधी कळला असता तर गुठळी होऊ न देणारी गोळी सुरू करता आली असती. ॲस्पिरिन हा त्या गोळीला पर्याय नाही.

लिव्हरपूलच्या आकड्यांची दुसरी बाजूही पाहावी. शंका आलेल्या २२० पैकी ११५ जणांना हा विकार नव्हता आणि ४६ जणांचे निदान अस्पष्ट राहिले. म्हणजे लाल फुली हे निदान नव्हे. मनगटी घड्याळावर अशी सूचना आली तरी हेच लागू. घाबरू नये आणि दुर्लक्षही करू नये. साधा ईसीजी काढावा.

संगमनेरला अशी ट्रॉली येण्याची वाट पाहायला नको. त्या प्रयोगातली खरी युक्ती यंत्रात नसून जागेत होती. माणसे जिथे एरवी येतातच, तिथे तपासणी नेली गेली. आपल्याकडे दूध संकलन केंद्र, आठवडे बाजार, रेशन दुकान या तशाच जागा आहेत. रेशनच्या यंत्रावर आजोबा अंगठा ठेवतात, तेव्हा त्यांची ओळख पटते. तिथेच एखाद्या आरोग्यसेविकेने मिनिटभर मनगट धरले, तर नाडीही कळेल.

घरीही हे जमते. पाच मिनिटे शांत बसावे. तळहात वर करून अंगठ्याच्या मुळाखाली मनगटावर दुसऱ्या हाताची तीन बोटे ठेवावीत. अंगठ्याने पाहू नये, त्याची स्वतःची नाडी लागते. पूर्ण एक मिनिट केवळ आकडा न मोजता ठेका ऐकावा. भजनातल्या टाळासारखा तो सरळ चालला पाहिजे. एखादा ठोका चुकणे बहुधा निरुपद्रवी असते. ठेकाच सापडत नसेल, तर सरकारी रुग्णालयात ईसीजी काढून घ्यावा. वयाची पासष्टी ओलांडलेल्यांनी, रक्तदाब वा मधुमेह असणाऱ्यांनी हे आवर्जून करावे. लहानपणी संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप बिघडली असेल, तर तरुणांनीही.

तोंड वाकडे होणे, हात उचलता न येणे, बोबडी वळणे यांपैकी काहीही अचानक झाले, तर नाडी पाहत बसू नये. लगेच १०८ ला फोन करावा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते.