आजीचं बोचकं

1986 च्या सुमाराची गोष्ट. भोपाळच्या तात्या टोपे नगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये दिवेलागण झाली की आजी पदर खोचून बोचकं बांधायला बसायची. एक लुगडं, जपमाळ, कुंकवाचा करंडा. "मला लष्करला जायचंय, आई वाट बघत असेल." ग्वाल्हेरच्या लष्करमधलं तिचं माहेरघर कधीच विकलं गेलं होतं. आम्ही समजावायचो, ती रडायची. शेजारच्या काकू म्हणायच्या, "साठी बुद्धी नाठी, चालायचंच."

आलॉइस अल्झायमर या डॉक्टरांनी अशाच विस्मरणाच्या आपल्या पहिल्या रुग्णाची हकीकत 1906 मध्येच मांडली होती. ऐंशी वर्षांनंतरही आमच्या घरात मात्र आजाराचं नाव नव्हतं, नुसती म्हण होती.

त्याच भोपाळमध्ये 1984 च्या 2-3 डिसेंबरच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला होता. वर्षभराने काही गॅसपीडितांची स्मरणशक्ती तपासली गेली, तेव्हा तिथेही दोष आढळले. गॅसमुळे डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होतो असं सिद्ध झालेलं नाही. पण त्या रात्री पंचविशीत असलेली माणसं आता पासष्टीपुढे गेली आहेत. "गॅसचंच असेल" म्हणून त्यांचं विसरणं सोडून देणं हे मला त्या म्हणीइतकंच घातक वाटतं.

2013 च्या 'अस्तु' चित्रपटात मोहन आगाशे यांनी साकारलेले, डिमेन्शिया झालेले शास्त्रीबुवा हत्तीमागे चालत गेले, तेव्हा मला आजीचं बोचकंच आठवलं.

अल्झायमर या डिमेन्शियाच्या एका प्रकारात मेंदूत अमायलॉइड आणि टाऊ ही प्रथिनं साचतात. मेंदूचा रक्तपुरवठा बिघडूनही डिमेन्शिया होतो. बी-12 ची कमतरता किंवा थायरॉइडमुळे आलेलं विस्मरण तर वेळीच उपचार केले तर बरंचसं सुधारू शकतं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024 च्या आयोगाने डिमेन्शियाचे टाळता येण्याजोगे 14 धोके सांगितले: रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा, हवेचं प्रदूषण वगैरे. ते सगळे आयुष्यभर सांभाळले तर जवळपास 45 टक्के डिमेन्शिया टळू शकतो किंवा लांबणीवर पडू शकतो, असा त्यांचा अंदाज आहे.

त्या यादीत बहिरेपणही आहे. तो शब्द वाचून मी थांबलो. आजीला बरीच वर्षं कमी ऐकू यायचं. आधी आम्ही मोठ्याने बोलायचो, मग हळूहळू तिच्याशी बोलणंच कमी केलं. तिचे कान कुणी कधी तपासले नाहीत.

भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना डिमेन्शिया आहे, असं 2023 मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज सांगतो. तुमच्या घरी कुणी तेच तेच विचारू लागलं असेल, तर या आठवड्यातच डॉक्टरांकडे न्या. रक्त तपासा, रक्तदाब मोजा आणि कानही तपासून घ्या.