घासल्याशिवाय कोरडं नाही
पाऊस उघडला की आशाताई, म्हणजे आरोग्य विभागाच्या आशा स्वयंसेविका, दारोदार फिरतात. पिंपाचं झाकण उचलून आत बॅटरी मारतात. पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या, की पिंप तिथंच ओतायला लावतात.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातल्या साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण ८-१० दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस: पाण्याची सगळी भांडी रिकामी करायची. पण नुसतं ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून महिनोन्‌महिने तग धरतात. काथ्यानं घासायलाच हवं. फ्रिजमागचा ट्रे तर हमखास विसरला जातो!

तरीही डेंग्यूसारखा ताप आलाच, तर अंगावर काढू नये. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन टाळावं, त्यानं रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरताना पोट फार दुखलं, उलट्या थांबेनात, तर लगेच दवाखाना गाठावा. महाराष्ट्रात १०८ची रुग्णवाहिका रात्री-अपरात्रीही मोफत मिळते.