फाइल लहान झाली, त्रिकोण तेवढेच राहिले

स्टॅनफर्ड विद्यापीठात 1994 मध्ये ग्रेग टर्क आणि मार्क लेव्हॉय यांनी टेराकोटाच्या एका सशाचं स्कॅनिंग करून त्याचं थ्रीडी मॉडेल तयार केलं. मेशवर, म्हणजे अशा त्रिकोणांच्या जाळीवर, काम करणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या हाताखालून हा ससा कधी ना कधी गेलेला असतो. 35,947 शिरोबिंदू, 69,451 त्रिकोण आणि साध्या पद्धतीने साठवली तर सव्वा एमबीची फाइल. ही फाइल कशाने भरली आहे, असं विचारलं तर उत्तर येतं: बिंदूंच्या निर्देशकांनी. तसं नाही.

हिशेब मांडून बघा. एका शिरोबिंदूचे तीन निर्देशक, प्रत्येकी 4 बाइट, म्हणजे 12 बाइट. एका त्रिकोणासाठी त्याच्या तीन शिरोबिंदूंचे क्रमांक, तेही 12 बाइट. पण बंद पृष्ठभागावर त्रिकोणांची संख्या शिरोबिंदूंच्या साधारण दुप्पट असते. त्यामुळे सशाच्या फाइलमध्ये निर्देशकांना 4.3 लाख बाइट लागतात, तर ‘कोण कोणाला जोडलेलं’ या नोंदीला 8.3 लाख.

‘मग झिप करावी’ हा पुढचा गैरसमज. झिप पुन्हा पुन्हा येणाऱ्या बाइटच्या माळा शोधते. शेजारचे दोन बिंदू अवकाशात खेटून असले, तरी त्यांचे आकडे बाइटच्या पातळीवर क्वचितच सारखे असतात. हे शेजारपण झिपला दिसत नाही, भूमिती कळणाऱ्या पद्धतीला दिसतं. यारेक रॉसिन्याक यांची 1999 ची ‘एजब्रेकर’ पद्धत मेशवर एकेक त्रिकोण ओलांडत जाते आणि प्रत्येकासाठी पाचपैकी एक अक्षर लिहिते. साधारण निम्म्या वेळा नवा शिरोबिंदू भेटतो, त्या अक्षराला 1 बिट. उरलेल्या चार अक्षरांना प्रत्येकी 3 बिट. सरासरी निघते त्रिकोणामागे 2 बिट, म्हणजे शिरोबिंदूमागे सुमारे 4. मूळ फाइलमध्ये हीच जोडणी शिरोबिंदूमागे 192 बिट खात होती! भोकं नसलेल्या बंद मेशसाठी विल्यम टट यांनी 1962 मध्ये केलेल्या मोजणीवरून निघणारी किमान सरासरी मर्यादा शिरोबिंदूमागे सुमारे 3.24 बिट आहे, तेव्हा इथे आणखी पिळण्यासारखं फारसं उरत नाही.

निर्देशकांसाठी कोस्ता तौमा आणि क्रेग गॉट्समन यांनी 1998 मध्ये सुचवलेली युक्ती आजही वापरात आहे. एक त्रिकोण माहीत असेल, तर शेजारच्या त्रिकोणाचा नवा बिंदू समांतरभुज चौकोन पूर्ण करेल असं गृहीत धरायचं आणि प्रत्यक्षातला फरक तेवढा लिहायचा. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर हे फरक बारीक येतात आणि मोजक्या बिटांत मावतात.

त्याआधी निर्देशक ठरावीक बिटांत बसवावे लागतात आणि इथे ‘अचूकता जाते’ ही भीती डोकं वर काढते. मायकेलअँजेलोचा ‘डेव्हिड’ 5.17 मीटर उंच आहे. लेव्हॉय यांच्या चमूने 1999 मध्ये फ्लॉरेन्सला त्याचं स्कॅनिंग पाव मिलिमीटरच्या आसपासच्या बारकाईने केलं. त्या उंचीचे 16 बिटांनी भाग पाडले तर एक भाग 0.08 मिलिमीटरचा येतो, स्कॅनरच्या बारकाईपेक्षाही लहान. 32 बिटांतले खालचे बरेचसे बिट स्कॅनरचा गोंगाट जपण्यात जातात. किती बिट ठेवायचे हे वस्तूच्या मापावरून आणि मोजणीच्या दर्जावरून ठरवावं, सवयीने नव्हे.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा गैरसमज मात्र वेगळाच आहे: कॉम्प्रेस केलं की मॉडेल स्क्रीनवर हलकं होतं. गूगलची 2017 मध्ये आलेली ‘ड्रॅको’ ही कॉम्प्रेशन लायब्ररी डाउनलोड लहान करते. उलगडल्यावर त्रिकोण तेवढेच असतात आणि जीपीयूला, म्हणजे चित्र काढणाऱ्या चिपला, तेवढेच काढावे लागतात. वीस लाख त्रिकोणांचं मॉडेल फोनवर अडखळत असेल, तर त्याला सुलभीकरण हवं, म्हणजे कमी तपशिलाची पातळी.

ही पातळी मिळवायला मोठी, मध्यम, लहान अशा तीन वेगळ्या फाइली ठेवाव्याच लागतात, असंही नाही. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या ह्यूग्ज हॉप यांनी 1996 मध्ये ‘प्रोग्रेसिव्ह मेश’ मांडला. मेशमधली एक कड निवडायची आणि तिची दोन टोकं एकत्र आणायची. एक बिंदू आणि बहुधा दोन त्रिकोण नाहीसे होतात. हेच करत राहिलं की शेवटी एक ओबडधोबड गाभा उरतो. फाइलमध्ये आधी हा गाभा आणि मग केलेल्या क्रिया उलट क्रमाने लिहायच्या: हा बिंदू फोड, त्याचे दोन कर. वाचणारा हवं तिथे थांबू शकतो. दूरच्या वस्तूसाठी शंभर फोडी, जवळच्या वस्तूसाठी एक लाख. तपशिलाला ठरलेल्या पायऱ्या उरत नाहीत. मला या विषयातली ही सर्वांत सुंदर कल्पना वाटते.

कोणती कड आधी मिटवायची, याचं उत्तर मायकेल गारलंड आणि पॉल हेकबर्ट यांनी 1997 मध्ये दिलं. प्रत्येक शिरोबिंदू आपल्याभोवतीच्या त्रिकोणांची प्रतलं लक्षात ठेवतो आणि बिंदू सरकवला तर त्या प्रतलांपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज किती होईल ते मोजतो. सपाट भागातल्या कडा जवळजवळ फुकट मिटतात, सशाच्या कानाची धार शेवटपर्यंत टिकते.

या लवचिकतेची किंमत मोजावी लागते. ‘कोणता बिंदू फोडायचा’ हे प्रत्येक वेळी सांगायचं, तर 65,536 बिंदूंच्या मेशमध्ये साध्या पद्धतीने 16 बिट लागतात. फोडी गटागटाने लिहिल्या तर हा खर्च बराच कमी होतो, तरी एकदम पूर्ण उलगडणारी फाइल सहसा लहानच भरते. शिवाय त्रिकोण निम्मे केले म्हणून कॉम्प्रेस केलेली फाइल निम्मी होत नाही. विरळ मेशमध्ये बिंदू दूरदूर असतात, अंदाज जास्त चुकतो आणि प्रत्येक बिंदूला जास्त बिट पडतात.

आजच्या जीपीयूला एकेक कड उघडणं परवडत नाही, म्हणून अनरिअल इंजिन 5 या गेम इंजिनमधलं ‘नॅनाइट’ 128 पर्यंत त्रिकोणांचे गट करतं आणि पातळी गटागटाने बदलतं. शेजारच्या गटांत फट पडू नये म्हणून सुलभीकरण करताना गटसमूहांच्या सीमा गोठवलेल्या असतात.

एक गोष्ट फाइल पाठवण्याआधी तपासावी. एजब्रेकरसारख्या पद्धती शिरोबिंदूंचा क्रम बदलतात, कारण आकाराला त्या क्रमाची गरज नसते. पण चेहऱ्याच्या हावभावांचा किंवा मोजमापांचा डेटा बिंदूच्या क्रमांकाने वेगळ्या फाइलमध्ये ठेवला असेल, तर उलगडल्यावर मॉडेल बरोबर दिसेल आणि हावभाव भलत्याच बिंदूंना लागतील. असा डेटा मेशबरोबरच कॉम्प्रेस करावा किंवा क्रम राखणारी पद्धत निवडावी.