ओळख पटली तरच उघडणारे दार

आपल्याकडे मांजराला दार लागत नाही. चाळीत दिवसभर दारे उघडीच असतात, वस्तीतल्या घराला पत्र्याखाली फट असते, आणि काहीच नसले तरी खिडकीच्या गजातून आत शिरायला मांजर कोणाची परवानगी मागत नाही. चार घरचे दूध पिऊन पाचव्या घरी बाळंत होणारी भाटी आपल्या सर्वांच्या माहितीची आहे. तिचे नाव विचारले तर चार घरची चार नावे कानावर येतील.

इंग्लंडची गोष्ट निराळी. तिथे थंडीमुळे वर्षातले कित्येक महिने दारे-खिडक्या घट्ट लावून बसावे लागते. नवरा-बायको दोघेही कामावर गेले की घराला कुलूप. मांजर मात्र दिवसातून दहा वेळा आत-बाहेर करणार. दर वेळी कडी काढायला कोण उठणार? म्हणून त्या देशात दाराच्या खालच्या अंगाला चौकोनी भोक पाडून त्याला झुलती झडप बसवण्याची रीत आहे. मांजर डोक्याने झडप ढकलते, आत येते आणि मागे झडप आपोआप मिटते.

ही रीत चांगली जुनी आहे. एक्सेटर शहरात एक प्रसिद्ध कॅथेड्रल, म्हणजे मोठे चर्च आहे. तिथल्या हिशेबाच्या वह्यांत 1305 पासून 1467 पर्यंत मांजराच्या नावाने खर्च टाकलेला सापडतो, आठवड्याला एक पेनी. उंदीर मारायचे काम आणि त्याचा हा रोख मोबदला! पुढे 1598 साली, विल्यम कॉटन हे तिथले बिशप असताना, मोठ्या घड्याळाखालच्या दाराला भोक पाडल्याबद्दल सुतारांना आठ पेन्स दिल्याची नोंद आहे. ते गोल भोक आजही दाखवतात. न्यूटनने मोठ्या मांजरासाठी मोठे आणि पिलासाठी छोटे अशी दोन भोके पाडली, ही गोष्ट मात्र दंतकथा समजावी. शाळेच्या स्नेहसंमेलनात कोणी सांगितली तर हसावे आणि सोडून द्यावे.

भोक असो की झडप, अडचण एकच. ते कोणालाही आत घेते. ब्रिटनमध्ये पाळलेल्या मांजरांची संख्या एक कोटीच्या आसपास आहे आणि घरे एकमेकांना चिकटलेली. आपल्या मांजरासाठी दार केले की गल्लीतला दांडगा बोका पहिल्या आठवड्यातच आत येऊन वाटीतले खाऊन जातो. एवढ्यावर थांबला तर ठीक. पण मांजर ही हद्द सांभाळणारी जात. बोका सोफ्याच्या कोपऱ्यावर मुतून जागा आपली झाल्याची खूण करतो, घरच्या मांजराला बोचकारतो, आणि ते बिचारे स्वतःच्याच घरात कपाटावर चढून बसते, खाणेपिणे सोडते. मांजराला घरात भीती वाटू लागली की त्याची तब्येत ढासळते, हे तिथले प्राण्यांचे डॉक्टर नेहमी सांगतात.

यावर पहिला तोडगा निघाला लोहचुंबकाचा. मांजराच्या गळपट्ट्याला एक छोटा चुंबक अडकवायचा. तो जवळ आला की झडपेची खिटी सरकते. युक्ती चांगली, पण चुंबकाला चुंबक सारखाच. शेजारणीनेही तशीच झडप घेतली की तिचे मांजर तुमच्या घरात मोकळे! शिवाय गळ्यात चुंबक बांधलेले मांजर रस्त्यातले खिळे, टाचण्या, बाटल्यांची झाकणे चिकटवून घरी आणते ते वेगळेच. पुढे गळपट्ट्यात अडकवायच्या इलेक्ट्रॉनिक किल्ल्या आल्या. त्या झडपेशी ठरावीक इशाऱ्याने बोलत, म्हणून शेजारचे मांजर बाहेर राहू लागले. पण गळपट्टा हीच मुळात कच्ची जागा. झाडावर चढताना मांजर त्याने लटकून मरू नये म्हणून तो ओढला की सुटेल असाच करतात. सुटला की किल्ली गेली आणि घरचे मांजर पावसात दाराबाहेर.

केंब्रिजमधले एक भौतिकशास्त्रज्ञ डॉ. निक हिल यांच्या घरी हाच त्रास होता. त्यांच्या मांजराचे नाव फ्लिपर. हिल यांच्या ध्यानात आले की नवीन किल्लीची गरजच नाही. किल्ली मांजराच्या अंगातच आहे. हरवलेले जनावर ओळखता यावे म्हणून इंग्लंडात कुत्र्या-मांजरांच्या कातडीखाली चिप बसवत होतेच. तीच दाराने वाचली तर? या विचारातून ‘शुअरफ्लॅप’ नावाची झडप 2008 साली बाजारात आली. पुढे इतरांनीही तशा झडपा काढल्या.

ही चिप म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ. तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी, साधारण 12 मिलिमीटर लांब काचेची नळी. आत तांब्याच्या तारेचे बारीक वेटोळे आणि एक इवलेसे इलेक्ट्रॉनिक यंत्र. डॉक्टर ती जाड सुईने दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली सोडतो. टोचून घ्यायला जितका वेळ लागतो तितकाच. तिच्यात बॅटरी नाही. वाचणारे यंत्र जवळ आले की त्याच्या लहरींतून वेटोळ्यात थोडी वीज उत्पन्न होते आणि तेवढ्या विजेवर चिप आपला 15 अंकी नंबर सांगते. नंबराखेरीज तिला काही येत नाही. नाव, पत्ता, फोन यांतले काहीही तिच्यात नसते. आमच्या ड्रायव्हर बांधवांना हे लगेच कळेल, कारण टोलनाक्यावर गाडीच्या काचेवरचा फास्टॅगही बॅटरीवाचून असाच बोलतो. फरक अंतराचा. फास्टॅग काही मीटरांवरून वाचला जातो, मांजराची चिप मात्र काही सेंटीमीटरांवरून.

म्हणूनच ही झडप नुसती सपाट फळी नसते; तिच्यापुढे छोटा बोगदा असतो. मांजराने आत डोके खुपसले की आड येणारी अदृश्य किरणे तुटतात आणि यंत्र जागे होते. तोवर मांजराचे खांदे बोगद्याच्या कमानीखाली आलेले असतात. नंबर वाचला जातो, लक्षात ठेवलेल्या नंबरांशी ताडला जातो, जुळला की खिटी खाली पडते. सारे एवढ्या झटपट होते की सवय झालेले मांजर थांबतसुद्धा नाही. बाहेर जाताना बहुतेक झडपा काही विचारत नाहीत. सारे चालते चार पेन्सिल सेलवर. शुअरफ्लॅपच्या स्मरणात 32 मांजरांचे नंबर मावतात. एका घरात 32 मांजरे कशाला, हा प्रश्न आम्हालाही पडला!

नवे मांजर ओळखीचे करून देणे सोपे आहे. एक बटण दाबायचे आणि मांजराला झडपेतून जाऊ द्यायचे. त्यानंतर पहिला जो नंबर येईल तो यंत्र घरचा मानते. मात्र त्याच वेळी चिप असलेला शेजारचा बोका घुसला, तर घरचा म्हणून नोंद त्याची होणार आणि घरच्या मांजरावर बाहेर बसायची पाळी येणार. यंत्राला मालक कोण हे कळत नाही. चिप कातडीखाली थोडी सरकली असेल तरीही घोटाळा होतो.

कल्पनेचे मूळ गोठ्यातले आहे, हे आम्हाला विशेष वाटते. युरोपातल्या मोठ्या गोठ्यांत 1970 च्या दशकापासून गाईच्या गळ्यात नंबर सांगणारे यंत्र अडकवू लागले होते. गाय गव्हाणीशी आली की नंबर वाचून तिच्या दुधाच्या मानाने खुराक पडायचा. दुसरीचा हिस्सा तिला नाही. आता हेच मांजराच्या वाटीला लावले आहे. घरात दोन मांजरे, एकाची किडनी बिघडलेली. डॉक्टरांनी त्याला पथ्याचे अन्न सांगितले, दुसऱ्याला नेहमीचे. मांजराला पथ्य कोण समजावणार? म्हणून झाकणाची वाटी निघाली. ज्याचा नंबर त्याच्यासाठीच झाकण उघडते. ते मागे सरले की बंद. दारापेक्षाही हा उपयोग आम्हाला मोलाचा वाटतो, कारण इथे आजाऱ्याचा घास राखला जातो.

नंबर वाचणाऱ्या दाराला मांजर दिसत नाही, मग त्याच्या तोंडात काय आहे ते कोठून दिसणार? मांजर अर्धमेला उंदीर किंवा चिमणी घेऊन थेट बिछान्यापाशी येते. अमेरिकेत अ‍ॅमेझॉन कंपनीत काम करणारे बेन हॅम यांनी 2019 साली यावर केलेला उपाय एका भाषणात सांगितला. त्यांच्या मांजराचे नाव मेट्रिक. दारावर कॅमेरा लावला, मांजराचे वीस हजारांहून अधिक फोटो एकेक तपासून यंत्राला शिकवले, आणि तोंडात शिकार दिसली की दार 15 मिनिटे बंद होईल असे केले. पुढे अशी दारे विकणाऱ्या कंपन्याही निघाल्या. दारे बंद झाल्याने पक्षी वाचतात असे मात्र समजू नये. शिकार तोवर झालेली असते. वाचतो तो बिछाना.

हे सारे स्वस्त नाही. झडपेला काही हजार रुपये पडतात, आणि बसवण्याचा खर्च निराळा. काचेच्या दाराला भोक पाडता येत नाही. भोकासकट नवी काच करून आणावी लागते. धातूच्या दारात लहरींना अडथळा येतो म्हणून भोक मोठे घ्यावे लागते. भाड्याच्या घरात तर दाराला करवत लावण्याआधी घरमालकाची परवानगी हवी. थोडक्यात, इंग्लंडातही हे दार आधी स्वतःच्या घरात राहणाऱ्याचे आहे.

चिपचे मात्र तसे नाही. ती आता कायद्याने सर्वांना लागू आहे. ब्रिटनमध्ये एप्रिल 2016 पासून कुत्र्यांना चिप सक्तीची झाली. मांजरांसाठी इंग्लंडात 10 जून 2024 पासून कायदा लागू झाला. मांजर 20 आठवड्यांचे होण्याआधी चिप हवी, नाहीतर 500 पौंडांपर्यंत दंड. हेतू चांगला आहे. रस्त्यावर गाडीखाली सापडलेले मांजर कोणाचे, हे कळले तर घरच्यांना निरोप तरी जातो. पण चिप फक्त नंबर सांगते. नाव-पत्ता असतो कुठल्या तरी कंपनीच्या नोंदवहीत, आणि तिथे अशा वीसहून अधिक नोंदवह्या आहेत. कामासाठी गाव बदलले, घर बदलले, फोन बदलला आणि नोंद तशीच राहिली, तर चिप असूनही मांजर बेवारस ठरते.

नंबरावर उघडणाऱ्या दारांशी आमच्या वाचक भगिनींपैकी अनेकींचा रोजचा संबंध आहे. मोठ्या सोसायट्यांत धुणीभांडी, स्वयंपाक करायला जाणाऱ्या बाईचा फोटो आणि फोन नंबर घेतात, तिला कोड देतात. तो सांगितला की फाटक उघडते आणि ती किती वाजता आली, किती वाजता गेली, याची नोंद घरमालकिणीच्या मोबाईलवर पोचते. वीस वर्षे ओळखणारा वॉचमनही आता आधी कोड विचारतो. कोड चुकला किंवा काम सुटल्यावर कोणी तो बंद केला, तर बाई फाटकाबाहेर उभी. आपली नोंद कोणाकडे आहे, काम सुटल्यावर ती पुसली का, हे मांजराला विचारता येत नाही. बाईने मात्र जरूर विचारावे, आणि एकटीने विचारण्यापेक्षा चौघींनी मिळून विचारावे.

आपल्याकडे जनावरांच्या ओळखीच्या दुसऱ्या खुणा आहेत. गावाकडे गाई-म्हशींच्या कानात 12 अंकी नंबराचा पिवळा बिल्ला सर्वांनी पाहिला असेल. गल्लीतल्या कुत्र्याच्या कानाला छोटी खाच दिसली तर त्याची नसबंदी झाली आहे आणि तेव्हा रेबीजची लसही टोचली होती, असे समजावे. ही खाच वाचायला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. मुलांना एकदा दाखवून ठेवली की पुरे. मात्र लस वेळोवेळी टोचावी लागते. म्हणून खाच असलेला कुत्रा चावला तरी जखम साबणाच्या वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा.

आता आपल्या शहरांतही पाळीव कुत्र्यांना चिप बसवतात. कोणी बसवून घेणार असेल तर टोचण्याआधी डॉक्टरांना यंत्रावर नंबर वाचून दाखवायला सांगावे आणि टोचल्यावर पुन्हा. तो 15 अंकी नंबर लसीच्या पुस्तिकेत लिहून घ्यावा. आपला फोन नंबर कोणाकडे नोंदला गेला आणि तो बदलायचा झाल्यास कोणाला कळवायचे, हेही त्याच पानावर डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.